पंचनामा

नान्नजच्या माळावर, कुसळी गवतात
म्हाकू कोळेकर उकिडवा बसलाय.
पुढ्यात कोकराचा कान, गळ्यातलं घुंगरू.
मी अर्जात लिहितो: लांडगा, पहाटे, एक नग.

"नग नव्हं, सायेब. चिमी म्हणायची पोरं तिला."

सोलापुरातून भरपाई येईल तेव्हा येईल.
तोवर रविवारी पुण्याची जीप येते,
म्हाकू लांबून लांडगीण दाखवतो,
पाचशे घेतो, वर हुरडा खाऊ घालतो.
"खाती तीच, आन् खायाला घालती बी तीच."

ओढ्याकडच्या बिळाचं मात्र
तो कुणाला सांगत नाही.
मलाही नाही.

उठताना माझ्या वहीत डोकावतो.
माळढोक: यंदाही शून्य.
"ते तेवढं," म्हणतो,
"पेन्सिलीनं लिवा."