कोरी पट्टी

ढाल आता माझ्या दिवाणाखाली असते,
क्लबाची खोली पार्किंगमध्ये गेली तेव्हापासून.
शिसमाची. भोवती पितळी पट्ट्या, वर्षाला एक:
सदर, सदर, अजनी रेल्वे, कामठी,
पुन्हा सदर.
मुलींची नावं नाहीत.
दोन बोटं पट्टीवर बारा जणी मावल्या नसत्या,
आणि मावल्या असत्या तरी
दर मे महिन्यात आडनावं खोडायला कोण बसणार.

खेळ आणला सिस्टर अट्रॅक्टानं, आयर्लंडातून:
एक वाकडी काठी, टोकाला पळीसारखी चपटी,
आणि नियम तोंडपाठ.
तिकडचं लाकूड इकडे मिळेना.
गड्डीगोदामच्या दौलत मिस्तरीनं आधी बाभूळ तासली,
मनगटं सुजली आमची.
मग तुती, वाफेवर वाकवून.
चेंडू बोरकुट्यांनी शिवला, आत बाटल्यांची बुचं.

कमोगी, ती म्हणायची.
कामठीच्या पोट्ट्या म्हणाल्या, कामोगी!
पाहा, आमच्याच गावाचं नाव हाये.

गोल म्हणजे तीन,
बांबूच्या दांडीवरून गेला तर एक.
मंगळवारीच्या मैदानावर लोक हॉकी समजून येत
आणि चेंडू हवेत उडाला की पंचाला शिव्या देत.
यमू नंदनवार काष्टा मारून उतरली त्या दिवशी
पंचानं नियमांची वही उलटसुलट चाळली.
साडीबद्दल तिच्यात काहीच नव्हतं.
यमूनं दोन गोल केले.

अडुसष्टची पट्टी मात्र कोरी आहे.

फायनल सकाळी सहाला, ऊन चढायच्या आत.
कामठीची गोलकीपर देवकन्या रामटेके
भावाच्या सायकलवर मागे बसून आली,
कोपरापर्यंत हळद.
संध्याकाळी लग्न.
हळद लागलेली पोरगी उंबरा ओलांडत नाही,
हे तिलाही ठाऊक, मलाही.
काऊन आली वं?
म्हणाली, थे सारे मांडवात गुतले,
मले कोन पाह्यते.

शेवटच्या मिनिटाला मी मारला तो चेंडू
अजून मला झोपेत दिसतो. गेलेलाच दिसतो.
तिनं तो छातीजवळ, एका हातानं,
जसं कुणी पडतं भांडं झेलावं.
परत फेकला तेव्हा कातड्यावर
पाच बोटं पिवळी.

आमचे दोन गोल, चार गुण.
त्यांचा एक गोल, सात.
बेरीज दोन्हीकडे दहा.

सामना पंधरा दिवसांनी पुन्हा ठरला.
तोवर ती बालाघाटला.
कामठी म्हणाली, दुसरी गोलकीपर उभी करणार नाही.
आम्ही म्हणालो, मग फुकटची ढाल आम्हाला नको.
सिस्टरनं पत्र लिहिलं, मराठीत, ऱ्हस्वदीर्घ सोडून.
महिन्यानं कार्ड आलं, पुरुषी अक्षरात:
सौ. बऱ्या आहेत.

इतवारीत निनाव्यांकडे पट्टी घेऊन मीच गेले.
काय लिहू बाई?
वर्ष लिहा.
पुढे?
पुढे राहू द्या.
त्यांनी पैसे अक्षरांच्या हिशेबानं घेतले,
चार आकड्यांचे.

चौऱ्याहत्तरला सगळं संपलं.
सिस्टर गेली, मैदानावर क्वार्टर उठले,
काठ्यांनी कुणी कैऱ्या पाडल्या, कुणी गाद्या झोडल्या.

परवा कॉलेजची एक मुलगी आली, इतिहास लिहायचाय म्हणे.
सर्वात जास्त कुणी जिंकली?
सदर, सात वेळा.
तिनं लिहून घेतलं.
मग त्या पट्टीवर नख फिरवून म्हणाली,
हे घासता घासता गेलं का?

चहा टाकला मी. दोनदा साखर पडली.

चेंडू आहे का, तिनं विचारलं.
आहे.
हळद उन्हात उडते, हे आईनं सांगितलेलं,
म्हणून मी तो कपाटात ठेवला होता,
अंधारात, जुन्या पातळात गुंडाळून.

तरी उडाली.