पावणेबाराचं कार्टून

मे महिन्यात मी दिवसाला चौदा कूलर उघडतो.
कुणाचा पंप जळालेला, कुणाच्या गवतात उंदराची पिल्लं,
कुणाचा नुसता पट्टा ढिला, आणि बाई सांगते,
भाऊ, हा रातभर कण्हते हो.
गोळीबार चौकातलं शटर पाडून
ते कण्हणं कानात तसंच घेऊन घरी येतो.
शेहेचाळीसचा पारा अडतिसावर उतरलेला,
तरी भिंतीला पाठ लावता येत नाही.

कनक जागी असते. भावाची पोरगी, सहा वर्षांची.
फेब्रुवारीत धंतोलीच्या डॉक्टरांनी तिच्या कानामागे यंत्र बसवलं,
वरून चुंबकानं चिकटतं एक बटण.
"मोठेबाबा, ते काळं-पांढरं लावा."

लावतो. नव्वद वर्षांपूर्वीचं कुठलंसं.
आधी नुसते ओरखडे,
मग सूंऽऽ, ग्रीस संपलेल्या मोटारीचा येतो तसा,
आणि मग सगळंच नाचायला लागतं.
गोष्ट अशी काही नाही.
एक घर गुडघ्यात वाकतं, सरळ होतं.
चूल वाकते. दोरीवरची चड्डी, बादली,
बादलीतला मासा, तो मासा गिळणारा बगळा,
चंद्रसुद्धा, त्याला दात आहेत,
चार बोटांचे पांढरे हातमोजे घालून सगळे
खाली, वर. खाली, वर.
आजच्या डोळ्याला आधी वाटतं, नेट अडकलं.

मग उमगतं.
त्या माणसांना आवाज नुकताच मिळाला होता.
नवी सायकल मिळालेलं पोर
कोपऱ्यावरून दही आणायलाही सायकल काढतं,
वाटभर घंटी वाजवत,
तसे ते. शिंकेला ढोल. पापणीला टिंग.
बदकाचं पोट दाबून बाजाची पेटी.
गप्प बसायची त्यांची हिंमतच होत नसावी.

"ही कढई काहून नाचते?"
मला हे सगळं सांगता येत नाही.
कनकच म्हणते, "तिले आत्ताच मशीन लावली असन,"
आणि पुढचं पाहू लागते.

पुढे स्फोट होतो. धूर निवळतो
तर नायकाचं तोंड काळंठिक्कर, ओठ सुजलेले,
केसात हाड खोचलेलं. बाजा बदलतो.
बाकीचे सगळे पोट धरून हसतात,
खाली, वर.
तेव्हा थिएटरही भरून हसलं असेल.
पाचवीत पीटीचे मास्तर मला
'उमरेडची खदान' म्हणायचे. वर्ग हसायचा.
मीही हसायचो, तालात.

अंगठा पडद्यावर जातो. पुढे ढकलत नाही.
बंदही करत नाही.
कनक हसत नाहीये. म्हणते, "पयलाच चांगला होता."

कुणीतरी मन लावून काढलं असणार तेही तोंड,
कागदामागून कागद, सेकंदाला चोवीस,
चड्डीला ज्या हातानं नाचवलं
त्याच हातानं.
मला हे गिळता येत नाही. थुंकताही येत नाही.
बगळा मात्र अजून आवडतो.

साडेबाराला आतून तिच्या आईची हाक.
कनक बटण काढून डबीत ठेवते,
ओल शोषणाऱ्या गोळ्यांची डबी, रोज रात्री ठेवावंच लागतं,
आणि उठत नाही.
एक बोट दाखवते. अजून एक.

आता तिला काही ऐकू येत नाही.
मी फोनचा आवाज शून्यावर नेतो,
एकट्यानं ऐकणं बरं दिसत नाही.
उरतो आमचा कूलर.
गावभरचे दुरुस्त केले, हा तीन उन्हाळे तसाच.
त्याचं बेअरिंग खट करतं, थांबतं,
खट करतं.
आणि पडद्यावर ती चूल, तो बगळा, तो दातवाला चंद्र
त्या खटवर वाकतात. अगदी त्याच्यावरच.

बाजूला पाहतो
तर कनकनं तळवा कूलरच्या पत्र्यावर टेकवलाय
आणि तिचा गुडघा
खाली, वर.

उद्या रविवार. ग्रीसचा डबा दुकानातच राहिला.