घडी

राजारामपुरी, सातवी गल्ली. रात्रीचे दोन.
खाली अण्णांची इस्त्री गार झाली,
वर माझं मशीन अजून तापलेलं.

पडद्यावर वीस मण्यांची माळ
पाण्याच्या कणांचे धक्के खात
वळते, उसवते, पुन्हा वळते.
अकरा दिवस हिशेब चाललाय;
तिच्या घड्याळात
पापणी लवायच्या हजारावा भागही सरला नाही.

अण्णा जिना चढून येतात,
"बसली का गं घडी?"
"नाही."
"कापडाला आपली मोड म्हाईत असती.
आपण निस्ता हात फिरवायचा."

मी तर हातही फिरवत नाही.
बघते.

लाईट जाते.
यूपीएस पी-पी करून थांबतो.
शेवटची नोंद एक चाळीसची,
म्हणजे वीस मिनिटं पुन्हा.

अण्णा अंधारातच
खुर्चीवरची माझी ओढणी चाचपतात,
टोकाला टोक लावतात.