वजावट

रद्दीवाल्याचा वजनकाटा मागून आणला,
पन्नास रुपये डिपॉझिट, आणि "तेल सांडू नका हं ताई".
माझगावच्या गोदामात चौऱ्याहत्तर सालची इटालियन कूपे
बॉनेट वासून बसलेली,
दातांच्या डॉक्टरसमोर बसावं तशी.

गफूर परकार एकेक भाग सोडवून काट्यावर ठेवतात,
मी वहीत मांडते.
लोखंडी पंखा दोन किलो तीनशे.
हॉर्नचा पंप, पंच्याऐंशीपासून मुका, नऊशे ग्रॅम.
बॅटरीखालचा पत्रा गंजासकट तोलला,
गंजही आपणच फिरवत होतो इतकी वर्षं.

"इंजिन कमावतं शंभर," परकार म्हणाले,
"पट्ट्यावर बसलेले आधी जेवून घेतात,
उरलंसुरलं चाकांना.
दरवेळी कमाईच वाढवायची असं नाही,
खाणारी तोंडं मोजायची."
पाच बहिणींची लग्नं त्यांनीच लावली.
हे बोलताना ते पाना पुसत होते,
पाना स्वच्छच होता.

रे रोडच्या पांचाळांनी लेथवर ॲल्युमिनियमची पुली कातून दिली,
जुनीपेक्षा बोटभर लहान, हातात घेतली तेव्हा अजून कोमट.
ती लावली की पट्टा हळू चालणार,
पट्ट्यावरचे सगळेच हळू खाणार.
परकारांनी ती उजेडात धरून फिरवली, परत दिली.
"हायवेला झकास. सिग्नलला मात्र पाणी धड फिरायचं नाही,
दिवे मलूल होतील.
मुंबईत ही धावते किती आणि उभी किती,
तो हिशेब लिही आधी."
मी तो लिहिला नाही.
पुली स्वयंपाकघरात आहे, तुपाच्या बरणीशेजारी.

राहिला एसीचा कंप्रेसर.
अठ्ठ्याऐंशीत पप्पांनी बसवून घेतला,
आईसाठी, हे आम्हाला पाढ्यासारखं पाठ.
तिची अर्धशिशी. तिला धुळीचा त्रास.
बंद असला तरी पट्टा त्याची पुली ओढतच राहतो,
हे मला महिनाभर माहीत होतं,
आणि महिनाभर मी बाकीचे बोल्ट सोडवत होते.

"काढ की," आई खुर्चीतून म्हणाली.
"तुझ्यासाठी होता ना—"
"माझ्यासाठी?
त्यांना काचा बंद हव्या होत्या.
पेडर रोडला एकदा शेजारच्या टॅक्सीवाल्यानं ऐकलं,
ते मला काय म्हणत होते ते."

परकार न पडलेला बोल्ट शोधायला
गाडीखाली गेले.

कंप्रेसर, त्याचं ओतीव ब्रॅकेट, पाइप, पुढची जाळी :
एकवीस किलो चारशे.
मी आकडा दोनदा लिहिला, एकदा चुकून सालाच्या जागी.
मग आईनं चपला काढल्या
आणि स्वतःच काट्यावर उभी राहिली.
"आणि मी?"
सत्तेचाळीस.
"माणसं धरत नाहीत यात," गाडीखालून आवाज आला.
"धरा," आई म्हणाली.

आखूड पट्टा मिळायला आठवडा गेला.
ब्रॅकेट भंगारात दिलं, कंप्रेसर कुणी घेईना,
अजून गोदामाच्या दाराला अडसर म्हणून आहे.
गाडीचं नाक अर्धा बोट वर आलंय.
फरक पडला का म्हणाल तर
दुसऱ्या गियरमध्ये, थोडासा, मला वाटतो तेवढा.

रविवारी पहाटे फ्रीवेवर
दोन्ही काचा पूर्ण खाली.
आई काहीतरी बोलत होती, हात हलवून, बराच वेळ, चिडून,
शिवडीची मिठागरं मागे पडेपर्यंत.
वाऱ्यात मला एक अक्षर कळलं नाही.
शेजारच्या टेम्पोवाल्यानं ऐकलं असावं.
तो वळून बघत राहिला,
मग वेग कमी करून
त्यानं आम्हाला पुढे जाऊ दिलं.