शटरखालची चादर

जिथं सहा माग होते तिथं आता गाडी उभी असते.
माग किलोवर गेले. भिंतीच्या फटीतून
अजून रुई निघते, बोटभर,
दर दिवाळीला झाडताना.

शटर मात्र नवं, रिमोटचं.
भद्रावती पेठेतल्या आमच्या बोळात पहिलंच.
शेजारपाजारचे बघायला आले,
बाळंतिणीकडे यावेत तसे.

हासिनीनं त्यातून खेळ काढला :
बटण दाबायचं आणि उतरत्या पत्र्याखालून
पळत बाहेर.
"आई, आज कमरेपर्यंत आलेलं, तरी मी गेले!"
मी फोनवर होते. म्हटलं, बघितलं गं.
बघितलं नव्हतं.

एप्रिलच्या एका दुपारी
मामंजींनी तळहात भिंतीला लावला.
चाळीस वर्षं मागापाशी काढून
कान गेलेत त्यांचे, हात नाही गेले.
"ओढतंय हे कुठंतरी," म्हणाले. "नदाफला बोलवा."

दस्तगीर नदाफ आला, पाणी प्यायला,
शटरकडे बघत बसला थोडा वेळ,
आजाऱ्याकडे बघतात तसा.
मग म्हणाला, "एक जुनी चादर द्या ताई."
गुंडाळी करून त्यानं ती उंबऱ्यात आडवी ठेवली.
"आता दाबा."

शटर आलं. टेकलं.
थांबलं नाही.
मोटर गुरगुरत राहिली
आणि चादरीवरच्या मोराची मान
चपटी होत गेली, आमच्या डोळ्यांदेखत.

"टेकलं की परत वर जायला पाहिजे," नदाफ म्हणाला.
"हे जात नाय. याला चादर काय न् पोरगं काय."

मी हासिनीकडे बघितलं नाही.
तिनंही माझ्याकडे.
मामंजी बऱ्याच वेळानं बोलले, कुणाला उद्देशून नाही :
"धोटा उडाला की डोळा जायचा एखाद्याचा.
आम्ही पोरांना मागाजवळ फिरकू देत नव्हतो."
पुढचं वाक्य त्यांनी गिळलं.
मलाच ऐकू आलं ते.

वरचा डबा उघडायला मी स्टूल आणलं
तर नदाफनं उजवा हात वर केला.
अंगठा, आणि दोनच बोटं.
"आत स्प्रिंग आहे, पिळून ठेवलेली.
ती झोपलीय असं वाटतं, झोपत नसते कधीच.
तिला तुम्ही हात लावायचा नाय. मोबाईलवर बघून तर नायच.
मला घाई होती त्या दिवशी. लग्नाला जायचं होतं."
कुणाच्या, ते त्यानं सांगितलं नाही.

दोन्ही बाजूंना डोळे बसवायचे होते,
मधे कुणी आलं की शटर थांबवणारे.
"जमिनीपासून आठ बोटं," तो म्हणाला.
डाव्या हाताची चार आडवी लावली,
त्यावर उजव्याची दोन.
मग हासिनीला हाक मारली : "ये गं, दोन तुझी लाव."
ती बसली उकिडवी, जीभ दातांत धरून,
आणि त्याच्या तुटक्या बोटांवर
आपली दोन टेकवली.
नदाफनं पेन्सिलीनं खूण केली.

जाताना सांगून गेला :
रिमोट पोरीच्या हाताला लागेल असा टांगू नका.
लाईट गेली तर साखळी हळू ओढा, खाली कुणी नाय ना बघून.
आणि महिन्यातून एकदा चादर.
पैसे मोजून घेतले. चहा नको म्हणाला, गरम व्हायलंय.

आता पहिल्या रविवारी
हासिनीच गुंडाळी करते, उंबऱ्यात ठेवते,
दोन पावलं मागं सरून बटण दाबते.
पत्रा मोराला शिवतो, आणि परत फिरतो वर.
मामंजींचा तळहात भिंतीवर.

चादरीवरची घडी काही गेली नाही,
तीनदा धुतली, इस्त्रीही फिरवली.
मामंजी म्हणतात, ही आपल्याच मागाची,
चार नंबरच्या. घट्ट विणायचा तो.

"आई, बघितलंस?"
फोन वर ठेवून आलेय मी.