उणे सत्त्याण्णव

दुसऱ्या वर्षाच्या प्रकल्पासाठी मी मागितलं होतं
बांद्र्याचं संकुल, काचेच्या इमारती, पाचवी पिढी.
मिळाली आरे कॉलनी.
तबेल्यांच्या मागचे तीन पाडे, एक मीटर,
पाठीवर बॅटरी
आणि नऊ रकान्यांचा तक्ता.

तळपदे सर फळ्यावर लहर काढत
तेव्हा खडू नेमका शिखरावर मोडायचा.
अंतर दुप्पट झालं की ताकद चौथाई उरते, म्हणायचे,
आणि मध्ये डोंगर आला तर डोंगराचं ऐका.
मिस्किटा मॅडमच्या तासाला डोंगर नसायचा.
एक ग्राहक महिन्याला किती देतो
आणि वैतागून कधी सोडून जातो, एवढंच.
शुक्रवारी संध्याकाळी रावराणे सर, दिल्लीहून निवृत्त,
लहरींच्या लिलावावर बोलता बोलता चष्मा पुसत:
"जे दिसत नाही ते आम्ही विकलं.
अट घातली, नव्वद टक्के वस्ती धरा.
कुठली नव्वद, ते लिहायचं राहिलं."
परीक्षेत यावर प्रश्न आला नाही.

पाड्यावर मीटरने मान टाकली.
उणे एकशे अठरा. एकशे एकवीस. मग नुसत्या रेघा.
मी तक्त्यात लिहीत गेले, नाही, नाही, नाही.
एक पोरगा मागेमागे. "ताई, बिबटे मोजता?"

बरकीबाई वाल सोलत बसली होती.
"रेंज पायजे?"
हात पदराला पुसून उठली,
मला भोकराच्या झाडाखाली घेऊन गेली.
तिथे गुडघाभर उंच दगड,
वरून पायांनी गुळगुळीत झालेला.
"चढ. तोंड पवईकडं.
आता डावा खांदा खाली."

मी डावा खांदा खाली केला.
उणे सत्त्याण्णव.

खोडाला खिळा, खिळ्याला दुधाची पिशवी, पिशवीत फोन.
दिवसभर तिथेच राहतो, वाजला की पोरं पळतात.
रेशनचा ओटीपी इथेच उतरतो.
सून अडली त्या रात्री रिक्षावाल्याला
इथूनच सांगितलं, बॅटरीच्या उजेडात, सापाला घाबरत.
दगड शोधला कुणी, मी विचारलं.
"शोधतंय कोण! मालक हॅलो हॅलो करत रानभर फिरला.
पलीकडून हो आलं, तिथं थांबला."

आमच्याकडे याच कामाला
भाड्याची गाडी लागते आणि परवान्याचं सॉफ्टवेअर.

सादरीकरणाला तिघे एका ओळीत बसले.
तळपदे सर खूश: कड्यावरून लहर वाकते,
सुंदर, आकृती जोडा.
मिस्किटा मॅडम: घरं किती? बासष्ट?
डिझेलसुद्धा सुटणार नाही.
मग हळूच, माझ्या गोराईच्या मावशीलाही
गच्चीवरच जावं लागतं.
रावराणे सरांनी नकाशा उलटासुलटा पाहिला.
"हा भाग तर रंगवलेला आहे. म्हणजे सेवा आहे."
चष्मा काढला. पुसला नाही.
बाहेरचे परीक्षक घड्याळ बघत म्हणाले,
एक बिंदू सगळी सरासरी बिघडवतोय, वगळा.

मी वगळला.
गुण चांगले पडले.

आता अंधेरीला आठव्या मजल्यावर
तोच नकाशा मी रंगवते.
हिरवा, पोपटी, पिवळा; पगार एक तारखेला.
निघताना बरकीबाईला नंबर दिला होता,
काही लागलं तर, असं आपण म्हणतो तसं.

कधीतरी दुपारी तिचा फोन येतो.
लागलेलं काहीच नसतं.
भोकरं पिकली. पोरगा सातवीत गेला.
मध्येच आवाज तुटतो,
पलीकडे वारा, कुत्रं, कुणीतरी ओरडतंय, खाली हो, खाली हो.
मी खिडकीशी उभी, माझ्याकडे सगळ्या दांड्या भरलेल्या,
आणि शेजारच्या टेबलावरचा मुलगा विचारतो,
मॅडम, मान अवघडली का?
माझा डावा खांदा
खाली गेलेला असतो.