पुरणाची चाळणी

ॲबरडीनमध्ये घरं ग्रॅनाइटची.
दोन फूट जाड भिंती, थंडी आत येत नाही म्हणतात.
येते.
वायफाय मात्र खरंच येत नाही.

माळ्यावरच्या खोलीत लॅपटॉप कडेवर घेऊन
मी हिंडतो, रडक्या पोराला हिंडवतात तसा.
इस्त्रीच्या टेबलावर एक कांडी,
खिडकीच्या कट्ट्यावर दीड,
गादीवर शून्य.
संडासात, दार उघडं ठेवलं तर, दोन.

हेमांगी भर समुद्रात, तेलाच्या फलाटावर.
चौदा दिवस तिकडे, चौदा दिवस इकडे.
तिथे, खाली नुसतं खारं पाणी, तिला पाच कांड्या.
"तू जमिनीवर आहेस ना, नक्की?"
ती विचारते, आणि 'नक्की'वरच गोठते.
तोंड अर्धं उघडं, एक डोळा मिटलेला.

मी काय नाही केलं?
ड्रायव्हर नवा घातला, जुना परत आणला.
ब्लूटूथ बंद. शेगडीपासून लांब बसलो.
मग नऊ पौंडांचा अडॅप्टर, तीन मीटर वायर,
आणि पुरणाची चाळणी,
हौसेने बॅगेत कोंबून आणलेली,
पाच वर्षांत जिच्यातून डाळीचा कण गेला नाही.
तिच्या पोटात अडॅप्टर दोऱ्याने टांगला,
तोंड जिन्याकडे केलं.
तीन कांड्या!
गाळणं जिचा धर्म, ती आता
लहरी अडवून, गोळा करून देत होती.
एक पूर्ण वाक्य ऐकलं त्या रात्री:
"अरे, केस कधी कापलेस?"

पण आठवड्याने चाळणीही थकली.

शेवटी खाली गेलो. मिसेस गेडीस, एकोणऐंशी,
पूर्वी मासळीच्या लिलावात हिशेब लिहायच्या.
"तो दिवा रात्रभर लुकलुकतो हो,"
म्हणाल्या आणि कपाट उघडलं.
राउटर बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात.
वर घट्ट झाकण, वायरीपुरतं भोक पाडलेलं.
"इतके दिवस गप्प का बसलात?"
मला उत्तर सुचलं नाही.
डबा रिकामा केला, राउटर जिन्यातल्या कोनाड्यात ठेवला,
त्यांच्या झोपेसाठी दिव्यावर काळी चिकटपट्टी.

आज पाच कांड्या.
हेमांगीच्या हनुवटीवरचा ग्रीसचा डाग दिसतो.
तिच्या मागे कुणीतरी फ्रीज उघडून
काय खावं, ठरवत उभा.

"मग? परत जायचं की इथेच राहायचं?"
हे तिने दोनदा विचारलं होतं.
दोन्ही वेळा मी म्हणालो होतो, "हॅलो, हॅलो,
आवाज तुटतोय गं,"
एकदा तर तो तुटत नव्हता.

ती वाट बघते. पापण्या लवतात,
म्हणजे गोठलेली नाही.
चाळणी माझ्या मांडीवर,
मी जाळीवर नख घासतोय.
ही खरखरसुद्धा
तिला ऐकू जात असणार.